मामाच्या खिशात माझा पत्ता

...आणि वर मलाच म्हणतो, "मावशी, तुम्ही आहात हो, पण तुमच्यापर्यंत पोचता येत नाही." ऐकलंत? मी त्याच्यासमोर उभी, दोन हातांच्या अंतरावर, अंगावर ओला अॅप्रन, कोपरापर्यंत साबणाचा फेस, आणि हा कॉम्प्युटरच्या काचेत डोळे घालून सांगतोय पोचता येत नाही! अरे, हात लांब कर की बाबा, लागेन मी! एकोणीस वर्षं या इस्पितळाच्या चादरी धुतेय, वरच्या मजल्यावरचा कुणीही खाली आला की आधी माझ्यावरच आदळतो, आणि तुला तेवढं पोचता येत नाही?

थांबा. तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल बाई भांडकुदळ आहे. आहेच मी भांडकुदळ. पण यात चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

आमचं धुलाईखातं तळघरात. सहा मोठी यंत्रं, चार चालतात, दोन नुसती उभी. वर चारशे खाटा, चारशे खाटांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं एका लोखंडी नळकांड्यातून धाडधाड खाली येतं आणि आम्ही तीस माणसं ते धुतो. आम्ही तीसही जण तात्पुरते. तात्पुरते म्हणजे काय ते विचारू नका, एकोणीस वर्षं राबलेली बाई तात्पुरती असते हे ज्यानं ठरवलं त्यालाच विचारा. कायम झालेल्यांना कोरडं टेबल मिळतं. कोरडं टेबल म्हणजे वाळलेल्या चादरी, इस्त्री, घड्या. बसायला स्टूल. तात्पुरत्यांना ओली बाजू. गरम पाणी, सोडा, आणि भिजून दगड झालेल्या चादरी ओढून काढायच्या.

आता माझे हात बघा. नाही, बघाच. ही दोन बोटं मिटत नाहीत आणि ही तीन उघडत नाहीत, पाचही मिळून एक हात होत नाही. वरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. तरुण पोर, माझ्या मुलीएवढी. म्हणाली, "मावशी, हात पाण्यात घालायचे नाहीत." म्हटलं, मग चादरी पायानं धुवू? तर हसली नाही. म्हणाली, "वर्षभर असंच चाललं तर वेणीसुद्धा घालता येणार नाही." घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मी घालीन की." तुम्हाला सांगते, त्या एका बोलण्यापायी मी त्याची पुढची चार भांडणं माफ केली. पण वेणीचं एक झालं. भाकरतुकडा तोंडात कोण घालणार? तर मला कोरडं टेबल हवं होतं. बाकी काही नको. सात वर्षांनी सहा जागा कायम व्हायच्या होत्या आणि यादीत मी पाचवी. पाचवी म्हणजे झालंच की! सहात पाचवी म्हणजे पाय पसरून बसावं.

ती यादी होती एका जाड वहीत. लाल कापडी पुठ्ठा, सोड्याचे डाग, पण नावं कशी, जो आधी लागला तो आधी. पहिल्या पानावर वरून पाचवी मी. अधूनमधून मी जाऊन बघून यायचे. नुसती बघायचे. आपलं नाव आहे तिथं आहे ना, एवढंच.

मग आला जावई.

आमच्या साहेबांचा जावई. त्याला नाव असेल, पण आम्ही सगळे जावईबापूच म्हणायचो, साहेबसुद्धा. कुठंतरी कॉम्प्युटरचं काम करायचा, ते सुटलं, म्हणून साहेबांनी त्याला आमच्या गळ्यात बांधला. "जावईबापू आपली यादी कॉम्प्युटरवर घेणार आहेत. स्वतः लिहून. सी भाषेत." आम्ही म्हटलं घ्या. आमची भाषा कुणी घेतली नाही कधी, तुम्ही तुमची घ्या.

आठ दिवस बसला तो पत्र्याच्या खोलीत. एकदा मी डगले द्यायला गेले तर काय बघते, वही शेवटच्या पानावर उघडलेली, आणि हा तळाच्या नावापासून उलटा वर चाललाय. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, अग, साहेबांचा जावई उलटा लिहितो! केवढ्या हसलो आम्ही. मी तर सोड्याच्या पोत्यावर बसून हसले. तेव्हा हसायच्या ऐवजी विचारलं असतं, का रे बाबा उलटा, तर आज... जाऊ द्या. माणसाला अक्कल नेहमी धुऊन वाळल्यावर येते.

यादी झाली. साहेबांनी वही रद्दीत टाकली त्याच दिवशी. म्हणे आता वहीची गरज नाही. गेली वही.

आता तेव्हा आमच्यात एकतिसावे एक मामा होते. यंत्रांना तेल घालायचे. यादीत चौथे, माझ्या बरोब्बर वर. बिचारे गुडघ्यांनी थकले, काम सोडून लेकीकडे राहायला गेले. जाताना मला म्हणाले, "चला, तू चौथी झालीस आता." मी म्हटलं, मामा, असं कसं बोलता, आणि मनात म्हटलं, झाले खरी! साहेबांनी जावयाला सांगितलं, मामांचं नाव काढा. त्यानं काढलं. एक बटण दाबलं. मग यादी कागदावर उतरवली, तर कागदावर नावं किती? तीन. माझ्या आधीच्या तीन म्हाताऱ्या, आणि खाली सगळं पांढरं.

मी विचारलं, मी कुठंय? त्यानं माझं नाव त्या कॉम्प्युटरच्या यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं, सापडली नाही. पुन्हा विचारलं. सापडली नाही. आणि तेव्हा तो पठ्ठ्या काचेतनं डोळे न काढता मला म्हणाला, "मावशी, तुम्ही आहात हो, आत कुठंतरी आहात. पण तुमच्यापर्यंत पोचता येत नाही."

मी म्हटलं, नीट सांग. मी चौथी शिकलेय, पण बहिरी नाही. तर त्यानं सांगितलं ते ऐका. म्हणे यंत्राच्या पोटात प्रत्येकाची एक खोली. पण खोल्या ओळीनं नाहीत, कुणाची इथं, कुणाची पार तिकडं. यंत्राला फक्त पहिल्या खोलीचा पत्ता ठाऊक. पहिलीच्या खिशात चिठ्ठी, तिच्यावर दुसरीचा पत्ता. दुसरीच्या खिशात तिसरीचा. एकेकीला विचारत जायचं, तू ती का? नाही? मग पुढचा पत्ता दे. असं तीस जणांपर्यंत. "याला लिंक्ड लिस्ट म्हणतात," म्हणाला. म्हटलं, बरं. मग? म्हणे, "तुमचा पत्ता मामांच्या खिशात होता."

आणि मामांना त्यानं खिशासकट हाकललं!

तुम्ही सांगा, मी काय बोलावं? म्हटलं, जावईबापू, इकडं या. त्याचा हात धरला आणि ओल्या बाजूला नेला. आमची रीत अशी की चादरी यंत्रात टाकताना एकीचं टोक दुसरीच्या टोकाला गाठवायचं, म्हणजे काढताना पहिली ओढली की मागून सगळी माळ येते, एकमेकांची शेपटी धरलेल्या माकडांसारखी. मधली एखादी फाटकी निघाली तर काय करायचं? आधी तिच्यानंतरच्या, आतल्या चादरीचं टोक धरायचं मुठीत. मग फाटकी सोडायची. मग ते टोक तिच्या आधीच्या, बाहेर आलेल्या चादरीला गाठवायचं. नाहीतर उरलेली माळ जाते यंत्राच्या तळाशी, आणि कंबरेपर्यंत आत वाकून चाचपत बसावं लागतं. पहिल्या दिवशी आलेल्या पोरीला आम्ही हे शिकवतो. पहिल्या दिवशी! दुसऱ्या दिवशी चुकली तर ओरडतो. त्याला करून दाखवलं. या बोटांनी दाखवलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "हो, अगदी असंच. मी ते गाठवायचं विसरलो."

विसरला म्हणे. सत्तावीस माणसं तळाशी आणि हा विसरला.

म्हटलं, मग आत वाक आणि चाचप. तर म्हणे तसं चाचपता येत नाही. आणि त्यात त्यानं सगळं जतन केलं होतं मघाशीच, आणि जतन करतानाही यंत्र असंच पहिलीपासून चालत गेलं, तिसरीपाशी थांबलं, म्हणून जतन झाल्या त्या तीनच. बाकीचे आम्ही आहोत. आहोत, पण पोचता येत नाही.

त्या दिवशी घरी गेले तर मुलगी म्हणाली, आई, जेवलीस का? मी म्हटलं, मी आहे, पण माझ्यापर्यंत पोचता येत नाही.  नवरा म्हणाला, "ताप आहे का बघ ग तिला."

साहेबांनी मग फर्मान काढलं. सोमवारी सगळ्यांनी एकेक करून पत्र्याच्या खोलीत जायचं, जावईबापू नावं पुन्हा भरतील, आणि त्या यादीतल्या वरच्या सहा जणांची नावं वर जातील. झालं. सोमवारी सकाळी आम्ही दाराशी. तो बाहेर आला, चष्मा सावरला आणि म्हणाला, "नवीन लोकांनी आधी या. जुन्यांनी शेवटी."

जुन्यांनी शेवटी!

आता तुम्हीच सांगा, हे ऐकून कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? मी त्याला तिथंच धुतला. म्हटलं, का रे, आम्ही काय भांडी आहोत का चेपलेली, मागच्या फळीवर टाकायला? ही परवा आलेली पोर, हिला अजून नीळ आणि सोडा यातला फरक कळत नाही, ही माझ्या आधी? तू शाळेत नाक पुसत होतास तेव्हा मी इथं चादरी पिळत होते! तो म्हणायला लागला, "मावशी, तसं नाही, ऐका तरी..." म्हटलं, एकोणीस वर्षं ऐकलं, हो बाजूला. आणि त्याला कोपरानं सारून आत शिरले, खुर्ची ओढली, बसले, आणि म्हटलं, लिही. पहिलं नाव माझं. बाहेर टाळ्या पडल्या, खरं सांगते. माझ्यामागून सगळ्या जुन्या आल्या, मग मधल्या, मग नव्या. तो बिचारा गप मान खाली घालून लिहीत गेला. त्याचे कान लाल झाले होते, ते बघून मला केवढं समाधान!

आमच्यात एक आहे, तिला आम्ही डुलकी म्हणतो. उभ्या उभ्या झोपते. लागून दोन वर्षं झाली, त्यातलं दीड वर्ष झोपेत. ती त्या दिवशी अभ्र्यांच्या ढिगावर पडली होती. सगळं झाल्यावर कुणीतरी हलवून उठवली आणि आत ढकलली. सगळ्यात शेवटी.

कागद निघाला. पहिलं नाव डुलकी.

मी कुठं? सत्ताविसावी. माझ्या खाली फक्त त्या तीन म्हाताऱ्या, ज्या आधीपासून आत होत्या, त्या तर काही न करता बुडाल्या होत्या.

मी त्याची कॉलर धरली नाही. बोटं मिटत नाहीत, म्हणून धरली नाही. नुसतं विचारलं, हे काय? तर म्हणतो, "मावशी, माझा प्रोग्रॅम नवीन नाव सगळ्यांच्या पुढे टाकतो. म्हणून तर म्हणत होतो, जुन्यांनी शेवटी या. मागच्या वेळी म्हणूनच वही उलटी धरून भरली होती." म्हटलं, आणि पुढे का टाकतो? मागे टाकायला काय झालं? म्हणे, "मागे टाकायचं तर दरवेळी पहिलीपासून चालत शेवटच्या खोलीपर्यंत जावं लागतं. वेळ जातो. पुढे टाकलं की एका झटक्यात होतं."

तीस नावं! तीस नावं चालायला त्या यंत्राचे पाय दुखतात! आणि मी दिवसाला चारशे चादरी उचलते ते? यंत्राचा वेळ वाचला हो, डोळा मिटायच्या आत वाचला, माझी एकोणीस वर्षं त्यात गेली एवढंच.

आणि सगळ्यात लाज कशाची वाटली सांगू? घड्या केलेल्या चादरी कपाटात मीच रचते संध्याकाळी. एकीवर एक. वरच्या मजल्याची आया येते, वरची उचलून नेते. सगळ्यात आधी ठेवलेली चादर सगळ्यात तळाला. काही चादरी तर वर्ष वर्ष उजेड बघत नाहीत, मला ठाऊक आहे, मीच ठेवलेल्या असतात. एवढं रोज करते आणि खुर्ची ओढून पहिली बसले! नवरा म्हणाला, "तू प्रत्येक ठिकाणी पुढे घुसतेस ना, म्हणून." त्याचं मी माफ केलेलं एक भांडण त्या दिवशी परत घेतलं.

पण मी गप्प बसणारी आहे का? गेले साहेबांकडे. म्हटलं, साहेब, ही यादी वर गेली तर मी या नळकांड्याखाली आडवी पडेन, टाका चारशे खाटांच्या चादरी माझ्यावर. त्या तीन म्हाताऱ्या माझ्यामागे उभ्या. जावयाला बोलावलं. त्याच्यासमोर सांगितलं, आधी आला तो आधी दिसला पाहिजे, ही कसली तुझी उलटी खोपडी? साहेबांनाही कुठंतरी वाटलं असेल. म्हणाले, "ठीक आहे. यादी पुसा. सोमवारी पुन्हा भरा. पण हे शेवटचं. दुपारी जी यादी निघेल ती मी वर पाठवणार, मग कुणाचं ऐकणार नाही." जावई मान डोलावून निघून गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं.

आता मी शहाणी झाले होते. सोमवारी सगळ्यांच्या आधी आले आणि दारापासून सगळ्यात लांब जाऊन बसले, सोड्याच्या पोत्यावर. तीन म्हाताऱ्यांना शेजारी बसवलं. त्यातली थोरली म्हणाली, "आपण उठायचं का ग?" मी तिचा पदर धरून खाली बसवली. म्हटलं, बस. आता मला कळलंय याचं यंत्र. शेवटी जाईल ती वर. तिनं विचारलं, "नक्की?" म्हटलं, मावशी, कपाट कोण रचतं?

आणि मग मी काय गोड झाले म्हणून सांगू! जा ग बाळ, तू आधी जा. तुम्ही व्हा पुढे, मी काय, बसलेय आरामात. ज्या पोरीला नीळ आणि सोडा कळत नाही तिच्या पाठीवरून हात फिरवून आत पाठवली. ती घाबरली, तिला वाटलं मी आजारी आहे. डुलकी ढिगावर झोपली होती. म्हटलं, हिला या वेळी शेवटी राहू द्यायची नाही! मी स्वतः गेले, या हातांनी हलवली, उभी केली, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि सगळ्यांच्या आधी, बरं का, अगदी पहिली, खोलीत ढकलली. ती आत जाताना जांभई देत म्हणाली, "मावशी, तुम्ही किती चांगल्या आहात."

सगळ्या झाल्यावर म्हाताऱ्या गेल्या. आणि शेवटी मी. पदर नीट करून, सावकाश. जावई हसून म्हणाला, "काय मावशी, आज शेवटी?" मी म्हटलं, हो, आज शेवटी. आम्ही दोघंही हसलो. किती छान हसलो.

कागद निघाला. पहिलं नाव डुलकी.

मी खाली बघत गेले. दहा. वीस. म्हाताऱ्या सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. मी तिसावी. माझ्याखाली पांढरं.

मी कागद त्याच्यासमोर धरला. तो आपला खूश. म्हणाला, "मावशी, तुमच्याच सांगण्यावरून बदललं मी. रात्रंदिवस बसलो. आता नवीन नाव मागे जातं. जो आधी आला तो आधी. तुम्ही म्हणाला होता ना?"

म्हटलं, मग सांगायचं नाहीस?

तर म्हणे, "आता सरळच झालंय की. सरळ गोष्टीत सांगायचं काय?"

बरोबर आहे. तुम्ही सांगा, काय चूक बोलला? आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणीतरी ऐकलं, आणि अगदी जसंच्या तसं ऐकलं, आणि त्या दिवशी मी मागे बसले होते.

साहेब दुपारी यादी घेऊन वर गेले. मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले, तर ते न वळता म्हणाले, "मी काय सांगितलं होतं?" सांगितलं होतं खरं.

तर असं. तिघी म्हाताऱ्या माझ्याशी बोलत नाहीत. थोरली तर मी दिसले की पदर आवळून धरते. पुढच्या जागा कधी, तर बघू म्हणतात. जावई आता तारखेचा रकाना घालणार आहे, म्हणजे कोण कधी लागलं ते कळेल. मी म्हटलं, घाल. वहीत होता तो. डुलकी कोरड्या टेबलावर बसते. स्टुलावर. घड्यांवर गाल टेकून झोपते, इस्त्रीची ऊब असते ना. मला बघितलं की मात्र उठते, माझी वेणी घालून देते दुपारच्या सुट्टीत. परवाच मुलगी कामाच्या वेळी मला हाका मारत तळघरात आली, यंत्रांच्या आवाजात मला ऐकूच गेलं नाही, मी कंबरेपर्यंत आत वाकलेली, तुटलेल्या माळेतल्या चादरी चाचपत. तिनं डुलकीला विचारलं, आई आहे का? डुलकीनं डोळे न उघडताच सांगितलं, "आहेत की. आत आहेत. पण आता पोचता येणार नाही."